दारातून जाणारी 'दारी': कमठाण्याच्या रस्त्याची कहाणी

आपल्या भागातल्या घरांत एक गंमत रोज घडते आणि रोज घडत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. कन्नडमध्ये 'दारी' म्हणजे वाट, रस्ता. मराठीत 'दारी' म्हणजे दारात. आजी म्हणते, "दारी कोण आलंय बघ," आणि माहेरी कन्नड बोलणारी सून मनातल्या मनात रस्त्याकडे बघते. दोघींच्या बोलण्यात फारसे अंतर नाही. आपल्याकडे रस्ता दारातूनच जातो आणि दारात उभे राहिले की रस्ताच दिसतो.

बिदरहून दक्षिणेकडे निघालेला आणि कमठाणा, बगदल, मन्नाएखेळ्ळी करीत चिंचोळी-सेडमकडे उतरणारा रस्ता हा असाच दारातला रस्ता आहे. त्याच्यावर कुणी पोवाडा रचलेला नाही. पर्यटकांच्या नकाशावर त्याला जागा नाही. कमठाण्याच्या तळ्याजवळून किंवा तिथल्या पार्श्वनाथाच्या जैन मंदिराजवळून जाताना आपण एका जुन्या वाटेवर आहोत, हे प्रवाशाला सांगणारी पाटी नाही. मात्र बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतल्या किती तरी घरांची लग्ने, शिक्षणे, दवाखाने आणि बाजारहाट या रस्त्याने झालेले आहेत. म्हणून आज त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

नकाशाच्या आधीची वाट

रस्त्याला क्रमांक सरकार देते, पण वाट माणसे पाडतात. आपल्या मुलखात ती फार पूर्वी पडली. बहमनी सुलतानांची पहिली राजधानी गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने ती बिदरला आणली. राजधानी हलते तेव्हा केवळ सिंहासन हलत नाही. खजिना, फौज, कारकून, विणकर, लोहार, सोनार, त्यांची गुरेढोरे आणि लेकुरवाळी कुटुंबे असा सारा संसार हलतो. तेव्हापासून या दोन शहरांमधला मुलूख येण्याजाण्याचा झाला. महमूद गावानने १४७२ साली बिदरला मदरसा बांधला, तेव्हा इराण-खुरासानपर्यंतचे विद्वान इथवर येत होते. याच सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी आपला घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. घोडा त्याने बिदरलाच विकला. आळंदच्या जत्रेत हजारोंनी घोडे विकायला येतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आळंद म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद. आज तिथे जाणाऱ्या बसमध्ये तुरीच्या भावाची चर्चा चालते, तेव्हा घोड्याच्या भावाची चालत असेल.

मराठी माणसाला बिदर ठाऊक आहे ते मात्र सुलतानांपेक्षा दामाजीपंतांमुळे. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेला खुली केली आणि ते बादशहाच्या रोषाला पात्र झाले. मग विठू महाराचे रूप घेऊन साक्षात पांडुरंग धान्याची रक्कम भरायला बिदरच्या दरबारात गेला, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. कथेचा भक्तिभाव आहेच. माझ्यातल्या शिक्षकाला मात्र तिच्यात एक व्यावहारिक तपशीलही दिसतो. मंगळवेढ्याचा हिशेब बिदरला द्यावा लागत होता, म्हणजे मंगळवेढ्याहून बिदरला जाणारी वाट होती आणि तिच्यावरून धान्य, पैसा, हुकूम आणि बातम्या ये-जा करीत होत्या. देवालाही त्याच वाटेने यावे लागले.

पुढे एकोणिसाव्या शतकात हुमनाबादजवळ माणिकनगरला माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) आपला सकलमत संप्रदाय उभा केला. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत आणि हिंदुस्तानीतही आहेत. दरबारात येणारा भक्त ज्या भाषेत बोलेल ती भाषा प्रभूंची. आपल्या घरातल्या दोन भाषांना एवढी मोठी परंपरा आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. आपल्याकडची ही भाषांची सरमिसळ कुणी ठरवून केलेली नाही, ती या वाटांनी केलेली आहे. गावांची नावेच बघा. मन्नाएखेळ्ळीत 'हळ्ळी'चा सूर आहे. हळ्ळीखेड म्हणताना दोन्ही भाषा जाणणाऱ्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो, कन्नड हळ्ळी म्हणजे गाव आणि मराठी खेड म्हणजेही गाव. आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळीच्या नावात मराठी कानाला सरळसरळ चिंच लागते.

'राज्य महामार्ग' हे नाव कुठून आले?

आता थोडे कागदाकडे वळू. रस्त्यांची आजची वर्गवारी आपण गृहीत धरतो, पण ती फार जुनी नाही. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातलेच राहिले. तेव्हा १९२७ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीने सांगितले की, रस्ते बांधणे स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेले आहे. पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवावा. त्यातून १९२९ साली रस्ते निधी सुरू झाला. गाडीत पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठी पैसे मोजतो, या व्यवस्थेचे मूळ एका मराठी बॅरिस्टराच्या अहवालात आहे.

पुढची पायरी नागपूरची. डिसेंबर १९४३ मध्ये देशातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. ती 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते. तिच्यात रस्त्यांच्या पायऱ्या ठरल्या: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे पुढचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा रस्ते, इतर जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते. राष्ट्रीय महामार्गाने देशाची टोके जोडायची, राज्य महामार्गाने जिल्ह्याची ठिकाणे व मोठी गावे त्याला जोडायची आणि उरलेल्यांनी शेतापर्यंत पोहोचायचे, अशी ही कल्पना. झाडाच्या खोडाला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या, तसे.

ही पायरी ओळखायची सोपी खूण मुलांना जरूर शिकवा. रस्त्याकडेच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. काळा किंवा निळा असेल तर जिल्हा रस्ता आणि नारिंगी असेल तर ग्रामीण. मैल जाऊन किलोमीटर आले तरी आपण त्याला मैलाचा दगडच म्हणतो आणि कन्नड घरांत तो 'मैलिगल्लु'च राहिला आहे.

कर्नाटकाच्या राज्य महामार्गांच्या यादीत पंधराव्या क्रमांकाला 'वनमारपल्ली-रायचूर' अशी नोंद आहे. वनमारपल्ली हे औराद तालुक्यातले, महाराष्ट्राच्या वेशीवरचे गाव. रायचूर म्हणजे कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दुआबातले शहर. मराठी वेशीपासून दोन मोठ्या दक्षिणी नद्यांच्या मधल्या मुलखापर्यंत, असा हा उत्तर-दक्षिण पल्ला. कमठाण्याहून दक्षिणेकडे बघताना ही ओढ ध्यानात ठेवली पाहिजे. आपल्याकडचे बरेच मोठे रस्ते पूर्व-पश्चिम, म्हणजे हैदराबाद आणि सोलापूर-पुणे या दिशांना धावतात. उत्तर-दक्षिण जोडणी हे आपले खरे दुखणे आणि तीच या रस्त्याची खरी कामगिरी.

निजामाची मोटार आणि १९५६ ची रेघ

निजामाच्या राज्यात बिदर, गुलबर्गा, रायचूर, उस्मानाबाद, नांदेड हे सारे एका छताखाली होते. राज्याने १९३२ साली सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. ती रेल्वेखात्याची एक शाखा होती आणि सुरुवातीला तिच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. खाजगी मोटारवाल्यांच्या त्या काळात एखाद्या राज्याने प्रवासी वाहतूक स्वतःच्या हातात घेणे ही नवलाची गोष्ट होती. आज आपल्या सभोवतालच्या तीन राज्यांतली एस.टी. महामंडळे काही अंशी त्याच घराण्यातली आहेत.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबादवर निघाली, तीही रस्त्यानेच. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद असा तिचा मार्ग होता. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल पहिल्याच दिवशी शाबूत हाती लागला, म्हणून पुढची चाल जलद झाली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तोच रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ झाला आणि २०१० च्या नव्या क्रमवारीत तो ६५ झाला. मन्नाएखेळ्ळीला आपला कमठाण्याचा रस्ता त्याला जाऊन मिळतो.

मग आला १ नोव्हेंबर १९५६. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि बिदर जिल्ह्याचेही तीन भाग झाले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर त्यावेळच्या मुंबई राज्यात गेले. झहीराबाद, नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला. एका जिल्ह्याची एका दिवसात तीन राज्ये. ज्यांच्या लेकी उदगीरला दिल्या होत्या आणि सुना झहीराबादहून आणल्या होत्या, त्यांच्या घराची माणसे घरातच राहून तीन राज्यांची रहिवासी झाली.

याचा परिणाम रस्त्यांवर कसा झाला, हे नीट समजून घेतले पाहिजे. राज्य महामार्गाचा पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो आणि त्याचा आराखडा राज्याच्या राजधानीकडे तोंड करून होतो. वेशीवर येऊन राज्य महामार्गाचा क्रमांक संपतो, पलीकडे दुसरा क्रमांक, दुसरे खाते, दुसरे अंदाजपत्रक. म्हणून वेशीवरचा शेवटचा तुकडा दोन्हीकडून सर्वांत शेवटी होतो. आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले आहे, गाडी चांगल्या डांबरावरून येते आणि हद्दीचा फलक जवळ आला की प्रवासी आपोआप सीट घट्ट धरतात. बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर आणि बंगळूरु जवळजवळ सातशे. राजधानी लांब गेली की फायलीचा रस्ताही लांबतो.

त्यानंतर बरेच काही झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. घटनेत ३७१ (जे) कलम आले आणि २०१३ पासून या भागाच्या विकासाला विशेष तरतूद मिळाली. २००० साली आपल्या भागासाठी वेगळे परिवहन महामंडळ झाले. २०१४ ला गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले आणि २०१९ ला 'हैदराबाद-कर्नाटक'चे 'कल्याण कर्नाटक' झाले. २९ ऑक्टोबर २०१७ रोजी बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग खुला झाला. बहमनी राजधान्या लोखंडी रुळांनी जोडल्या जायला पाच शतकांहून अधिक काळ लागला. परंतु रेल्वे हुमनाबादवरून जाते. कमठाणा, बगदल, चिंचोळी या पट्ट्याला अजूनही रस्त्याचाच आधार आहे.

गोदावरीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात

आता प्रत्यक्ष वाटेने निघू. बिदर शहर लाल जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले आहे. हा दगड ओला असताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की टणक होतो. किल्ल्याचा खंदक याच दगडात कोरलेला आहे आणि जमिनीखालून पाणी खेळवणारे नौबादचे करेजही याच दगडात. शहर सोडून कमठाण्याच्या दिशेने निघाले की नंदीनगरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ लागते. देवणी गाई-बैलांच्या जातीवर तिथे काम चालते. देवणी गाव लातूर जिल्ह्यात, तिच्या वंशाचे संगोपन बिदर जिल्ह्यात. जनावरांनाही हद्द ठाऊक नाही.

कमठाणा बिदरपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. तळे आणि त्याखालची शेती, जैन मंदिर, बाजारपेठ आणि दोन्ही भाषांत सहज उलटणारी जीभ, असे हे गाव. जैन परंपरेचा धागा इथून पुढे थेट मळखेडपर्यंत जातो, त्याकडे येतोच. कमठाण्यापुढे लाल माती हळूहळू मागे पडते आणि काळी सुरू होते. मन्नाएखेळ्ळीला हमरस्ता ओलांडला की दक्षिणेकडे चिंचोळीचा उतार.

या टप्प्यात एक मोठी घटना घडते आणि बसमधल्या कुणाला तिचा पत्ता लागत नाही. आपण एक खोरे सोडून दुसऱ्या खोऱ्यात शिरतो. उत्तरेकडे पडलेला पावसाचा थेंब कारंजा नदीतून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला मिळतो. दक्षिणेकडे पडलेला थेंब मुल्लामारीतून कागिण्याला, कागिण्यातून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला. थोड्याच अंतरावर पडलेले दोन थेंब निरनिराळ्या नद्यांचे होऊन समुद्राला जातात. गोदाकाठच्या नांदेडची लेक आणि कृष्णाकाठच्या रायचूरचा जावई, असे लग्न आपल्याकडे नवे नाही. पाण्याला जे जमत नाही ते रस्ता करतो.

चिंचोळीचा परिसर पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. कलबुर्गी म्हटले की ऊन आणि तूर डोळ्यांसमोर येते. इथे मात्र पानगळीचे दाट जंगल आहे, चंद्रमपळ्ळीचा जलाशय आहे. २०११ साली सुमारे १३५ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. कुंचावरमच्या बाजूला लंबाणी तांडे आहेत. म्हणजे इथवर येईतो कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू यांच्या जोडीला लंबाणी बोलीही बसमध्ये चढलेली असते.

पुढे सुलेपेठ आणि सेडम. सेडमला चुनखडीचा दगड आणि त्यावर उभे राहिलेले सिमेंटचे कारखाने. सेडमहून कलबुर्गीच्या रस्त्याला मळखेड लागते. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. अमोघवर्ष नृपतुंगाची ही राजधानी. त्याच्याच काळात, नवव्या शतकात, 'कविराजमार्ग' हा उपलब्ध असलेला सर्वांत जुना कन्नड ग्रंथ तयार झाला. त्यात कन्नड नाडूची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. आणि याच नगरात दहाव्या शतकात पुष्पदंत नावाच्या जैन कवीने अपभ्रंश भाषेत महापुराण रचले. अपभ्रंश म्हणजे मराठीच्या पूर्वजांच्या भाऊबंदातली भाषा. कन्नडचा पहिला मोठा ग्रंथ आणि मराठीच्या आजोळची मोठी रचना एकाच गावाशी बांधलेल्या आहेत, हे वाचून कुणाची मान ताठ होणार नाही? ग्रंथाच्या नावातही 'मार्ग' आहे, हा आणखी एक योग.

रस्ता फुटतो का?

आपल्या चहाच्या टपऱ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येते: "गेल्या वर्षी केला आणि यंदा उखडला!" त्यामागे कधी हलगर्जी असते, हे खरे. परंतु मातीचा दोषही समजून घ्यावा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जमिनीच्या पोटात दरवर्षी असा श्वास चालू असेल तर वरचे डांबराचे कवच किती दिवस टिकणार? म्हणून काळ्या रानात रस्ता करताना आधी भराव, त्यावर चांगला मुरूम, मग खडीचे थर आणि शेवटी डांबर, असा पाया लागतो. लाल पठारावर मुरूम पायाखालीच असतो. म्हणून बिदरकडचा रस्ता टिकतो आणि खालचा फुटतो.

दुसरा शत्रू पाणी. रस्त्याचा मध्य किंचित उंच आणि कडा उतरत्या असाव्या लागतात, बाजूला गटार वाहते असावे लागते आणि ओढ्यावर मोरी मोकळी असावी लागते. इथे आपलाही हात असतो. शेतात जायला सोय म्हणून आपण गटारात माती लोटतो, घरापुढे ओटा पुढे सरकवतो, मोरीच्या तोंडाशी कचरा टाकतो. मग पाणी जाते कुठे? रस्त्यावर थांबते आणि डांबराच्या खाली शिरते.

तिसरा शत्रू जादा भार. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून दिसले की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, ती साधारण सोळापट होते. उसाने किंवा दगडाने शीगोशीग भरलेली एक गाडी रस्त्याचे जेवढे नुकसान करते, तेवढे शेकडो मोटारसायकली मिळूनही करीत नाहीत. तरी हादरे बसतात ते मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाळंतिणीला. हा हिशेब कुणीतरी मांडला पाहिजे.

तिकिटाचा हिशेब आणि लेकीबाळी

रस्त्याचा खरा उपयोग कुणाला झाला, असे मला विचाराल तर मी मुलींचे नाव घेईन. कॉलेजात वर्गावर उभा राहिलो की खेड्यातून बसने येणाऱ्या मुली मला ओळखू येतात. शेवटच्या तासाला त्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. शेवटची बस चुकली तर घरी काय ऐकावे लागेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. बस नियमित आहे तोवर शिक्षण आहे. बस बंद पडली की पहिली शाळा सुटते ती मुलीची.

११ जून २०२३ रोजी कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली आणि राज्यातल्या महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. त्याआधी १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्राने एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट केले होते. ९ डिसेंबर २०२३ ला तेलंगणानेही मोफत प्रवास सुरू केला. तिन्ही योजना चांगल्या. पण तिन्ही आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या. आता कमठाण्याच्या एका सासुरवाशिणीचा विचार करा. माहेर उदगीरला. कमठाणा ते बिदर मोफत. बिदर ते उदगीर थेट आंतरराज्य बस धरली तर कर्नाटकची सवलत लागू नाही. तिला आत्या भेटायला झहीराबादला जायचे असेल तर आणखी तिसरा नियम. कमलनगरपर्यंत मोफत जाऊन तिथून दुसरी गाडी पकडली तर पैसे वाचतात, पण कडेवर मूल आणि हातात पिशव्या घेऊन गाडी बदलायची. १९५६ ची रेघ आपण विसरलो असू, कंडक्टरच्या मशीनला ती पक्की पाठ आहे.

ही तक्रार नाही, सूचना आहे. विमानाचे वेळापत्रक आपण पाहतो तसे शेजारच्या राज्यांच्या परिवहन खात्यांनी सीमेवरच्या तालुक्यांपुरती एकमेकांची सवलत मान्य करावी. शेजारच्या जिल्ह्यात माहेर असणाऱ्या बाईला आपण परराज्यातली प्रवासी मानतो, हे कोणत्याच भाषेत बरोबर वाटत नाही.

आपण काय करू शकतो?

रस्ता सरकारचा असला तरी त्याची आठवण आपली आहे. आपल्या घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर या सुटीत त्यांच्याजवळ मुलांना बसवा. बैलगाडीने बिदरला जायला किती वेळ लागे, मुक्काम कुठे पडे, कोणत्या चिंचेखाली वरात थांबे, पहिली मोटार कधी पाहिली, हे विचारून वहीत उतरवून घ्या. ज्या भाषेत आजोबा सांगतील त्याच भाषेत लिहा. मध्येच कन्नड आले तर कन्नड, दखनी आली तर दखनी. ते शुद्ध करण्याच्या भरीस पडू नका.

दुसरे, रस्ता रुंद होतो तेव्हा झाडे जातात. काही जाणे अटळ असते. परंतु किती गेली आणि किती लावली, याचा आकडा ग्रामसभेत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. लावलेले रोप तीन उन्हाळे जगले तरच ते झाड. कमठाणा आणि चिंचोळीच्या शाळांनी आपापल्या हद्दीतली दहा-दहा झाडे दत्तक घेतली तरी सावलीची एक ओळ उभी राहील.

तिसरे, पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या शेताजवळची मोरी आणि घरापुढचे गटार मोकळे करणे. यासाठी निविदा लागत नाही, खोरे आणि सकाळचे दोन तास पुरतात. आणि चौथे, गाव ओलांडणाऱ्या मोठ्या रस्त्यावर शाळेपुढे गतिरोधक आणि फलक आहे की नाही, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. नसेल तर सार्वजनिक बांधकाम खात्याला अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा विचारावे. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा असतो म्हणून अडून बसू नये. घरात सून आहे, नातू कन्नड शाळेत जातो. सासूने मजकूर सांगावा, सुनेने लिहावा, नातवाने शुद्धलेखन तपासावे. दोन भाषांचे घर असण्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

जूनमध्ये शाळा उघडतील. पहाटे बसथांब्यावर दप्तरे घेतलेली पोरे उभी राहतील आणि बस किती वाजता येईल, हे एकमेकांना अर्ध्या कन्नडमध्ये आणि अर्ध्या मराठीत विचारतील. त्या बसला खड्डा चुकवायला रस्त्याच्या कडेला उतरावे लागू नये, एवढे तरी आपण मागत राहू या.